रिबकेचा अर्धा धडा

३ मार्च १९६३, रविवार

आजपासून दैनंदिनी लिहायची ठरवली. देवाच्या कामात आयुष्य घालवलेल्या मोठमोठ्या माणसांनी दैनंदिन्या लिहिल्या, आणि त्यांच्या पश्चात त्या इतरांना उपयोगी पडल्या. माझी कोणाला उपयोगी पडेल ते देव जाणे, पण अक्षर चांगलं ठेवायला हरकत नाही.

मी इंद्रभान, मोताळ्याजवळच्या या लहानशा ख्रिस्ती मंडळीचा उपदेशक. उपदेशक म्हणजे प्रार्थना चालवायची, आजाऱ्यांना भेटायचं, पोरांना गाणी शिकवायची, म्हणून सगळे मला मास्तरच म्हणतात. पण बाप्तिस्मा द्यायचा किंवा लग्न लावायचं असेल तर बुलडाण्याहून पाद्रीसाहेबांना बोलवायचं. मे महिन्यात बुलडाण्याची कमिटी पाहणीला येणार आहे. तिला पसंत पडलो तर मला पाळकपदाची दीक्षा मिळेल आणि बुलडाण्याच्या एस.टी.ची वाट बघत बसणं संपेल. त्यासाठी आमच्या पंचांचे प्रमुख जानराव यांची शिफारस लागते. जानराव जिनिंगमध्ये कापसाच्या वजनावर असतात, त्यामुळे कोण किती भरतं हे त्यांना बरोबर कळतं.

प्रार्थना झाल्यावर ते म्हणाले, ‘‘मास्तर, आपल्या बायाइची सभा लय बोलकी झाली. काही शिकवा त्याइले.’’

मी लगेच योजना सांगितली. दर गुरुवारी ‘पवित्र शास्त्रातील स्त्रिया व त्यांच्यापासून घ्यावयाचे धडे’. सारा, रूथ, रिबका, मरिया. जानरावांना कल्पना फार आवडली.

५ मार्च

स्त्रिया निवडायला दोन दिवस गेले. शास्त्रात अडचणीच्या बायका बऱ्याच आहेत. दबोरा झाडाखाली बसून न्यायनिवाडा करायची, ती गाळली. राजाने बोलावलं तेव्हा ‘येत नाही’ म्हणणारी वश्ती राणी गाळली. याएलने सेनापतीच्या कानशिलात तंबूची मेख ठोकली, तिचं तर नावच काढायचं नाही. उरल्या त्या शांत आणि कामसू आहेत.

७ मार्च, गुरुवार

पहिला पाठ, सारा. ती नवऱ्याला धनी म्हणायची हा मुद्दा मी घोळवून घोळवून सांगितला. बायका ऐकत होत्या. आमच्यातली सगळ्यात म्हातारी झुंबरबाई हात वर करून म्हणाली, ‘‘मास्तर, थ्या अब्राहामानं राजापुढं आपल्या बायकोले बहीन हाये म्हनून सांगतलं. थेही दोनदा. काऊन?’’

हा प्रश्न आजच्या पाठात बसत नाही असं मी सांगितलं.

वाचनाला बेबीला बसवलं. विधवा सोजराबाईची एकुलती एक मुलगी, सातवी फायनल पास, उच्चार स्वच्छ. बाकीच्या बहुतेकींना अक्षरओळख नाही. मी एक नियम घालून दिला आहे, की अध्याय उघडला की शेवटपर्यंत वाचायचा, अर्धा सोडायचा नाही. देवाच्या वचनाचा मान राखला पाहिजे. हा नियम कमिटीच्या कानावर घालायचा आहे.

२१ मार्च

आज रूथ. सासूला सोडून गेली नाही ती. मी सासूसेवेवर बोललो. केसरबाई रडली. तिच्या सुनेने तिच्याकडे पाहिलं आणि तीही रडू लागली, पण दोघींची रडण्याची कारणं एकच असावीत असं वाटलं नाही.

२४ मार्च, रविवार

जानराव घरी आले. चहा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ सहदेव याची बायको गेल्या पोळ्याच्या सुमारास वारली, लहान लेकरं आहेत. सहदेव चाळिशीला टेकलेला, जिनिंगमध्ये राखणदार, स्वभावाने गरीब. जानरावांनी त्याच्यासाठी बेबी पाहिली आहे.

मी म्हटलं, बेबीला अकोल्याच्या दवाखान्यात नर्सच्या शिक्षणासाठी घेणार आहेत म्हणे, जूनपासून. तिथल्या सिस्टरबाई येऊन बघून गेल्या. मात्र लग्न झालेल्या मुली घेत नाहीत.

‘‘मंडळीची पोरगी मंडळीतच राह्यली पायजे, मास्तर,’’ जानराव म्हणाले. ‘‘तुमी बाईशी बोला. तुमचं वजन हाये.’’

जाताना बोलता बोलता त्यांनी सोजराबाईच्या खोलीच्या छपराची चौकशी केली. ती खोली मंडळीच्या जागेत आहे आणि कोणाला ठेवायचं ते पंच ठरवतात, हेही आठवण करून दिलं. किती बारीक लक्ष असतं त्यांचं. नंतर ओट्यावरून उतरताना म्हणाले की माझ्या शिफारशीचा कागद ते लिहून ठेवतील, पण कमिटीच्या हाती लग्नाचं मार्गी लागल्यावरच देतील.

एकाच चहात दोन कामं. देव कसा मार्ग काढतो.

३१ मार्च

जानरावांच्या ओसरीवर सुपारी फुटली. आम्ही नारळ, कुंकू सगळं सोडलं, पण सुपारी काही सुटली नाही; आधी प्रार्थना करतो आणि मग फोडतो. पुरुष बाहेर बसले होते. सोजराबाई आतल्या खोलीत. मी उंबऱ्यापाशी जाऊन विचारलं, ‘‘काही म्हणणं आहे का, बाई?’’ त्या काही बोलल्या नाहीत. मौन म्हणजे संमती, असं मी बाहेर येऊन सांगितलं.

रात्रीच्या जेवणात वरणाला मीठ फार झालं होतं. माझी बायको पुष्पा चौदा वर्षांत मिठाला चुकली नाही, म्हणून विचारलं, बरं नाही का. ती म्हणाली, ‘‘बेबीले माहीत हाये का?’’

मी म्हटलं, वेळ आली की कळेलच.

१८ एप्रिल, गुरुवार

रिबकेचा पाठ. हा मी मुद्दाम आज घेतला, कारण बेबीला त्याचा उपयोग होईल. अब्राहामाचा चाकर मालकाच्या मुलासाठी बायको शोधायला परमुलखात जातो, विहिरीवर थांबतो, आणि ही मुलगी येऊन त्याला पाणी पाजते, वर त्याच्या दहा उंटांनाही पाजते. कुरकुर नाही, प्रश्न नाही. मी उंटांवरच सगळा भर दिला.

बायकांचं लक्ष भलतीकडे. सोजराबाई मोताळ्याच्या बाजारात भाजी विकतात, सहसा बोलत नाहीत, पण आज म्हणाल्या, ‘‘दहा उंट? अन् सारं पानी तिनंच काढलं?’’ सगळ्या आपापल्या विहिरीची खोली सांगू लागल्या. एप्रिलात आमच्या विहिरीचा तळ दिसतो हे खरं आहे. झुंबरबाईने विचारलं, ‘‘थो चाकर काय करून राह्यला होता? त्याचे हात मोडले होते का?’’

मी म्हटलं, तो प्रार्थना करत होता. यावर फार वेळ हसणं चाललं. पुष्पासुद्धा हसली, हे मला आवडलं नाही.

मी पाठ आवरता घेणार होतो, पण नियम नियम असतो. बेबी पुढे वाचत गेली. सोन्याची नथ, बांगड्या, चाकराचं जेवण, भावाचं आणि बापाचं बोलणं, हे तर देवाकडूनच आलं आहे वगैरे. मग शेवटाकडे, सकाळी चाकर निघायची घाई करतो तेव्हा घरचे म्हणतात की मुलीला बोलावू आणि तिलाच विचारू. तिला बोलावतात. या माणसाबरोबर जातेस का, असं विचारतात.

बेबी तिथे थांबली. झुंबरबाई म्हणाली, ‘‘फिरून वाच वो.’’ तिने वाचलं. सोजराबाई म्हणाल्या, ‘‘अजून एकदा.’’ तिने पुन्हा वाचलं.

एकच वचन पुन्हा पुन्हा ऐकायची ही भूक मी आमच्या बायकांत पहिल्यांदा पाहिली. पाठ फळाला येतो आहे.

२८ एप्रिल, रविवार

लग्नाची पहिली घोषणा. रीतीप्रमाणे तीन रविवार भर मंडळीत वधूवरांची नावं वाचायची आणि विचारायचं, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर सांगावी. माझ्या आठवणीत कोणी कधी हरकत घेतली नाही. हे विचारणं आमच्याकडे खोकल्यासाठी ठेवलेल्या जागेसारखं आहे. मंडळी तेवढ्यात खोकून घेते.

आज कोणी खोकलं नाही. बेबी खाली मान घालून बसली होती. लाजत असावी. नंतरचं गाणं बायकांच्या बाजूने उचललंच गेलं नाही, मला आणि जानरावांना दोघांनाच म्हणावं लागलं. जानराव सुरात नाहीत.

२ मे

मंडळीत काहीतरी साथ आली आहे. केसरबाईच्या मुलाने गोऱ्हा विकायला काढला तर त्याची बायको म्हणाली, ‘‘मले इचारलं का?’’ जानरावांच्या घरी तर कहर झाला. त्यांनी पाहुण्यांना जेवायला बोलावलं आणि त्यांच्या बायकोने चुलीपासून उठून तोच प्रश्न केला. पाहुण्यांना चिवड्यावर भागवावं लागलं. जानराव मला रस्त्यात थांबवून म्हणाले, ‘‘मास्तर, तुमी काय शिकवून राह्यले बायाइले?’’

मी म्हटलं, उंट.

५ मे, रविवार

दुसरी घोषणा. हरकत विचारताच झुंबरबाई उठून उभी राहिली.

‘‘हरकत नाही, मास्तर. एक इचारनं हाये. पोरीले इचारलं का?’’

मी क्षणभर गोंधळलो, पण प्रसंगावधान राखलं. सांगितलं की या ठिकाणी फक्त हरकतीला वाव आहे, प्रश्नाला नाही. ती बसली. जानरावांनी मान हलवली. असे प्रसंगच माणसाला पाळकपदासाठी घडवत असतात.

पुढच्या रविवारी कमिटी येणार आणि तिसरी घोषणाही त्याच दिवशी. बायकांकडून रिबकेचा पाठ तोंडपाठ म्हणवून घ्यायचा बेत आहे.

९ मे, गुरुवार

तालीम घेतली. बेबी पुढे उभी राहून म्हणेल, बाकीच्या मागे. उंटांपर्यंत म्हणायचं आणि बसायचं, असं बजावलं.

बेबी म्हणाली, ‘‘अध्याय अर्धा सोडाचा नाही म्हनता ना तुमी?’’

मी तिला अपवाद म्हणजे काय ते समजावलं. हुशार आहे मुलगी, पण थोडी अडेल. सहदेवला सांभाळून घ्यावं लागेल.

संध्याकाळी सोजराबाई दारात आल्या. आत बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. ‘‘मास्तर, पोरीनं नाही म्हनलं त खोली जाईन का? आमाले दुसरं ठिकान नाही. तिचा बाप त्याच खोलीत गेला.’’

मी त्यांना म्हटलं, देवावर भार टाका. तो आकाशातल्या पाखरांचीही काळजी घेतो. पाखरांना पंच नसतात हे माझ्या मनात आलं, पण बोललो नाही.

तेवढ्यात पुष्पा आतून म्हणाली, ‘‘सोजराबाई, आमची सपरी मोकळी हाये. खोली गेली त हातरून घेऊन या.’’

सोजराबाईंना एकदम रडू फुटलं. पुष्पाने त्यांना आत नेऊन पाणी दिलं. मी मात्र थक्क झालो. पुढची ओसरी माझी, मी तिथे बसून तयारी करतो. मला न विचारता तिने ती देऊन टाकली.

१२ मे, रविवार

आजचं सगळं क्रमाने लिहितो.

बुलडाण्याहून रेव्हरंड नारायणराव आणि त्यांच्याबरोबर दोघे जण आले. नारायणराव म्हातारे, डोळे अधू, पण कान तीक्ष्ण. पुष्पाने माझा पांढरा कोट खळ घालून असा कडक केला होता की मला वाकता येईना. मी नियमाचा उल्लेख केला, अध्याय अर्धा सोडायचा नाही म्हणून. नारायणराव म्हणाले, ‘‘छान.’’

बायका उभ्या राहिल्या. बेबीने सुरुवात केली. विहीर आली, घागर आली, उंट आले, उंट पाणी प्याले. मी खुणेने बसायला सांगितलं. कोणी बसलं नाही. नथ आली, बांगड्या आल्या, बाप आणि भाऊ आले. मागच्या बायका आता तिच्याबरोबर मोठ्याने म्हणत होत्या. झुंबरबाई, जिला एक अक्षर वाचता येत नाही, तीसुद्धा एक शब्द चुकली नाही. विहिरीवर त्यांनी माझ्यापेक्षा जास्त तालमी घेतल्या असाव्यात. आणि मुलीला बोलावून तिलाच विचारू या म्हणतात तिथपर्यंत येऊन सगळ्या एकदम थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

‘‘पुढं?’’ नारायणराव म्हणाले.

‘‘पुढचं मास्तरनं म्हनाचं हाये,’’ झुंबरबाई म्हणाली.

मी सांगितलं की वेळेअभावी आता लग्नाची तिसरी घोषणा घेऊ. ती वाचली. बेबीचं नाव ऐकताच नारायणरावांनी तिच्या दिशेने मान वळवली. ‘‘ही आत्ता पाठ म्हणत होती तीच मुलगी का? हिला विचारलं आहे ना?’’

‘‘साहेब, तशी आपल्याकडे पद्धत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘पद्धत आहे की. आत्ताच ऐकली. तुम्हीच शिकवलीत. विचारा.’’

जानराव माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. शिफारशीचा कागद अजून त्यांच्या खिशात. सोजराबाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि पुष्पाने त्यांचा हात धरला होता. एवढ्या कडक कोटातही मला घाम फुटला. मी विचारलं. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

बेबी म्हणाली, ‘‘रिबका जातो म्हनाली होती. मी नाही जात. मले नर्स व्हाचं हाये.’’ मग आईकडे बघून हळूच म्हणाली, ‘‘खोली गेली तरी चालन, माय.’’

जानराव उठले. पण त्यांच्या आधी सहदेव उभा राहिला. हा मनुष्य मंडळीत बोललेला मी कधी ऐकला नव्हता. ‘‘साहेब, मलेही कोनी इचारलं नाही. भाऊनं सांगतलं न् मी नवा सदरा घातला. मले भाकरी करनारी पायजे होती. हे त माह्या लेकरावानी हाये.’’ एवढं बोलून तो खाली बसला आणि उपरण्याने तोंड पुसत राहिला.

नारायणरावांनी घोषणा रद्द केली. आणि खोलीचं काय, असं ते विचारू लागले. त्यांना खोलीबद्दल कोणी सांगितलं ते मला समजलं नाही. पुष्पाने त्यांना सकाळी चहा दिला होता, पण ती कुठे काय बोलणार. सोजराबाईंच्या खोलीला कोणी हात लावणार नाही, असं त्यांनी पंचांसमोर जानरावांकडून वदवून घेतलं.

माझं पाळकपद गेलं. जानरावांनी कागद खिशातून काढून माझ्यादेखत चार तुकडे केले.

९ जून, रविवार

फार दिवस लिहिलं नाही. लिहिण्याजोगं मन नव्हतं.

आज बेबी अकोल्याला गेली. सगळ्या बायका मोताळ्याच्या स्टँडपर्यंत चालत आल्या. तिची ट्रंक सहदेवने डोक्यावरून आणली आणि एस.टी.च्या टपावर स्वतः चढून बांधली. सोजराबाईंनी भाकरीचं गाठोडं खिडकीतून दिलं. गाडी सुटल्यावर त्या रस्त्यातच उभ्या राहिल्या, मागच्या गाडीच्या ड्रायव्हरला गाडी पुढे काढता येईना. मलाही भरून आलं. मी नसतो तर ही मुलगी रिबकेपर्यंत पोहोचली नसती, हे कोणी बोलून दाखवलं नाही, पण असो.

११ जून, मंगळवार

आनंदाची बातमी. कमिटीचं पत्र आलं. जानरावांच्या शिफारशीशिवाय मला दीक्षा मिळणार. पत्रात लिहिलं आहे, की स्त्रियांना शास्त्र केवळ पाठ न करवता आचरणात आणायला शिकवणारा उपदेशक या जिल्ह्यात दुर्मीळ आहे. हे मला आधीपासून वाटतच होतं. नेमणूक साखरखेर्ड्याला, तिथे नवी मंडळी उभी करायची आहे. पत्र आणणाऱ्या माणसाजवळ मी होकार पाठवून दिला, आम्ही उभयता पंधरवड्यात येत आहोत म्हणून.

घरी येऊन पुष्पाला म्हटलं, बांधाबांध सुरू कर.

ती सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. वर न बघता म्हणाली, ‘‘कोनाले इचारून हो म्हनलं?’’

मी समजावलं. देवाचं बोलावणं आहे, मोठं गाव आहे, बाजार आहे, आता ती उपदेशकाची नाही तर पाळकाची बायको. शिवाय रिबकेने पाहा, अनोळखी मुलखात जाताना मागे वळूनही पाहिलं नाही.

‘‘रिबकेले इचारलं होतं,’’ ती म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही. मग मी म्हटलं, बरं बाई, विचारतो, येतेस ना साखरखेर्ड्याला?

‘‘असं नाही. उभ्या उभ्या काय इचारता? चपला काढा, बसा, मंग इचारा.’’

मी चपला काढल्या, तिच्यासमोर खाली बसलो, आणि विचारलं. लग्नाच्या वेळी आमच्या दोघांच्या बापांनी सुपारी फोडली होती, त्यामुळे मला या गोष्टीची सवय नाही. तिने सूप भिंतीला टेकवलं, हात झटकले, आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. रागाचं की कशाचं, ते मला सांगता येणार नाही.

‘‘इचार करून सांगतो,’’ म्हणाली, आणि घागर घेऊन गेली.

त्याला आता तास होऊन गेला. कमिटीला आभाराचं पत्र लिहायला घेतलं. ‘आम्ही उभयता’ लिहिलं आणि खोडलं. ‘मी’ लिहिलं, तेही खोडलं. ती नाही म्हणाली तर मी काय करणार? तिला इथे सोजराबाई आहे, झुंबरबाई आहे. साखरखेर्ड्यात तिला माझ्याशिवाय कोणी नाही, आणि मी तिला पुरेसा आहे की नाही याचा मी कधी विचारच केला नव्हता. मला भीती वाटते आहे, हे इथे लिहून ठेवतो.

विहिरीवरून बायकांचं हसणं ऐकू येतंय. त्यात पुष्पाही असणार. मी मघापासून कान देऊन ऐकतो आहे, पण त्यातलं तिचं हसणं कोणतं, ते मला ओळखता येत नाही.